तिसाव्या सेकंदाला मरणारं काम: वेब स्क्रिप्टमधून लांबलचक प्रोसेस चालवताना काय तपासायचं

पानावर एक बटण असतं. ते दाबलं की मोठा अहवाल तयार व्हावा, लाखभर ओळींची फाइल आयात व्हावी, व्हिडिओ लहान व्हावा, नाहीतर सगळ्या सभासदांना मेल जावेत अशी अपेक्षा. चाचणीच्या दहा ओळींवर सगळं सुरळीत चालतं. खरी फाइल आली की बोंब सुरू. हा बिघाड मी पीएचपीत, पायथनमध्ये, जुन्या पर्ल-सीजीआयमध्ये (दर रिक्वेस्टला नवी प्रोसेस सुरू करण्याची पद्धत) इतक्यांदा दुरुस्त केलाय, की आता फोनवर लक्षणं ऐकूनच निम्मं निदान होतं. म्हणून आधी लक्षणंच सांगतो.

लक्षणं

- चकरी फिरत राहते, मग ५०४ किंवा ५०२ हा एरर कोड येतो. पण थोड्या वेळाने पाहावं तर काम मागच्या मागे पूर्ण झालेलं असतं.
- काम दर वेळी साधारण त्याच सेकंदाला तुटतं.
- कमांडच्या शेवटी अँपरसँड (&) लावून ती बॅकग्राउंडला टाकली, तरी पान सुटत नाही.
- टर्मिनलवर हाताने चालवलं की चालतं. वेबमधून चालवलं की काहीच होत नाही, एररसुद्धा नाही.
- काम चालू असताना त्या माणसाला साइटचं दुसरं कुठलंच पान उघडता येत नाही. शेजारच्याला मात्र सगळं व्यवस्थित दिसतं.
- चार-पाच जणांनी एकदम बटण दाबलं की सगळ्यांचीच साइट बसते.
- सर्व्हर रीस्टार्ट झाला की चालू कामं गायब.
- एकाच माणसाला तोच मेल दोनदा जातो.

यातली दोन-तीन एकत्र असण्याची शक्यता बरीच. तरी खालच्या क्रमानेच जा. सुरुवातीच्या तपासण्यांना फुकटची पाच-दहा मिनिटं लागतात, शेवटचीला आठवडा जाऊ शकतो.

आधी घड्याळ लावा

बटण दाबल्यापासून काम तुटेपर्यंत किती सेकंद गेले ते मोजा. अंदाजाने सांगू नका, घड्याळ लावा. आणि एकदा मोजून थांबू नका. लहान, मध्यम, मोठी अशा तीन फायली देऊन तीनदा मोजा. फाइल बदलूनही आकडा तोच राहिला तर कुणीतरी मुदत लावून काम मारतंय. आकडा फाइलबरोबर हलत असेल तर मुदतीचा नाद सोडा आणि मेमरी किंवा आउटपुटच्या पाइपकडे (एका प्रोसेसचं आउटपुट दुसरीकडे नेणारी नळी) वळा. दोन्हींबद्दल पुढे लिहिलंय.

आकडा पक्का असेल तर गुन्हेगार बहुतेक वेळा नावासकट सापडतो. ३० सेकंद आले तर पीएचपीची मॅक्स-एक्झिक्युशन-टाइम ही मर्यादा पाहा. ती मुळात ३० असते. पायथनसाठी गनिकॉर्न हा सर्व्हर वापरत असाल तर त्याच्या वर्करची, म्हणजे काम करणाऱ्या प्रोसेसची, मुदतही ३० सेकंदच. ६० आले तर संशयित तिघे: एंजिनएक्स हा पुढे बसणारा वेब सर्व्हर मागच्या प्रोसेसच्या उत्तराची ६० सेकंद वाट पाहतो, अपाची २.४ चा टाइमआउट ६० आहे आणि ॲमेझॉनच्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरचा (सर्व्हरांमध्ये रिक्वेस्ट वाटून देणारा) आयडल टाइमआउटही ६०.

दोष पुढे बसलेल्याचा की मागच्या प्रोसेसचा, याचा सुगावा एरर कोड देतो. ५०४ म्हणजे पुढे बसलेला वाट पाहून कंटाळला. मागची प्रोसेस अजून जिवंत असू शकते. पहिल्या लक्षणाचं मूळ हेच. ५०२ आला तर बहुतेकदा मागची प्रोसेसच मेली. एंजिनएक्सच्या लॉगमध्ये ४९९ दिसला तर पलीकडच्यानेच फोन ठेवला. पलीकडचा म्हणजे ब्राउझर किंवा मध्ये असलेला लोड बॅलन्सर. क्लाउडफ्लेअर (साइटच्या पुढे बसणारी सेवा) वापरत असाल तर त्याचा ५२४ हा वेगळा कोड आहे: तुमच्या सर्व्हरशी जोडणी झाली, पण उत्तर वेळेत आलं नाही.

पीएचपीवाल्यांनी इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लिनक्सवर ते ३० सेकंद भिंतीवरच्या घड्याळाचे नसतात. डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहण्यात, स्लीपमध्ये, बाहेरचा प्रोग्राम चालण्यात गेलेला वेळ त्यात धरतच नाहीत. फक्त स्क्रिप्टने स्वतः राबलेला वेळ मोजतात. विंडोजवर मात्र सगळा वेळ धरला जातो. त्यामुळे एकच स्क्रिप्ट कुणाच्या विंडोज मशीनवर बरोबर तिसाव्या सेकंदाला मरते आणि सर्व्हरवर चार मिनिटं आरामात चालते. मग दोन डेव्हलपर एकमेकांना खोटं ठरवत बसतात. दोघांचंही खरं असतं.

मोजण्यावर मी इतका जोर देतो, कारण न मोजता लोक काय करतात ते मी पाहिलंय. एकदा एका टीमने पीएचपीची मर्यादा शून्य केली, म्हणजे अमर्याद. मेमरी चौपट केली. डेटाबेसचे टाइमआउट वाढवले. दोन दिवस गेले आणि काम तरीही साठाव्या सेकंदाला पडत होतं, कारण मारणारा एंजिनएक्स होता आणि त्याच्या फाइलला कुणी हातही लावला नव्हता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तो हाच प्रकार.

मुदत सापडली की ती वाढवावी का? काम सत्तर-ऐंशी सेकंदांचं असेल, महिन्यातून एकदा होत असेल आणि बटण दाबणारे तुम्ही एकटेच असाल, तर खुशाल १८० करा आणि दुसऱ्या कामाला लागा. यात कमीपणा काही नाही. मात्र ते बटण अनोळखी लोकांच्या हाती असेल तर मुदत वाढवून फक्त तक्रारीची तारीख पुढे जाते. फाइल पुढच्या वर्षी दुप्पट होणार आहे, आणि मोबाइलवर बसलेल्या माणसाचं कनेक्शन तुमची मुदत विचारून तुटत नाही.

मुदत चुकवण्याची एक युक्तीही फिरत असते: काम चालू असताना दर दहा सेकंदांनी एक टिंब छापत राहायचं. एंजिनएक्सची ती ६० सेकंदं पूर्ण उत्तरासाठी नसतात, दोन तुकड्यांमधल्या अंतरासाठी असतात, त्यामुळे तत्त्वतः ही युक्ती चालते. प्रत्यक्षात टिंब पीएचपीच्या बफरमध्ये, एंजिनएक्सच्या बफरमध्ये किंवा जीझिपमध्ये अडकून राहतं आणि बाहेर येत नाही. शिवाय माणसाने टॅब बंद केला की पीएचपी पुढचं टिंब छापायला जाते, समोर कुणी नाही हे तिला तेव्हा कळतं आणि ती तिथेच काम सोडून देते. इग्नोर-यूझर-अबॉर्ट चालू केलं तर हे थांबतं. पण इतकी ठिगळं लावायची वेळ आली असेल तर सरळ या लेखाच्या शेवटच्या उपायाकडे जा.

लॉग वाचा, पण नेमका कोणता?

लोक ॲप्लिकेशनचा लॉग उघडतात, तो रिकामा दिसतो आणि गाडी तिथेच अडते. प्रोसेस बाहेरून मारली गेली असेल तर तिला शेवटचे शब्द लिहायला वेळ मिळालेलाच नसतो. मारणाऱ्याचा लॉग वाचा. एंजिनएक्सच्या एरर-लॉगमध्ये 'अपस्ट्रीम टाइम्ड आउट' सापडतं, गनिकॉर्नमध्ये 'वर्कर टाइमआउट'. पीएचपी-एफपीएमच्या (पीएचपीच्या प्रोसेस सांभाळणारा प्रोग्राम) लॉगमध्ये 'मॅक्स चिल्ड्रन' गाठल्याची ओळ असेल तर ती जपून ठेवा, पुढे लागेल.

आकडा फाइलच्या आकाराबरोबर हलत होता त्यांनी कर्नलचा लॉग पाहावा. मशीनची मेमरी संपली की लिनक्सचा ओओएम-किलर एखादी जाड प्रोसेस निवडून मारतो आणि तशी ओळ 'डीमेसेज'मध्ये सोडतो. एग्झिट कोड १३७ दिसला तर प्रोसेसला नऊ नंबरचा सिग्नल बसला आहे (१२८ अधिक ९), आणि तो बऱ्याचदा ओओएम-किलरकडून आलेला असतो. १४३ असेल तर पंधरा नंबरचा, म्हणजे कुणीतरी रीतसर 'थांब' म्हटलेलं. मेमरीचा उपाय बहुतेक वेळा रॅम वाढवण्यात नसतो. सगळी फाइल एकदम ॲरेमध्ये ओढणारी ओळ शोधा आणि ती फाइल ओळीओळीने वाचायला लावा.

एकाच माणसाची साइट अडकते: सेशनचं कुलूप

ही तपासणी दोन मिनिटांची आहे. काम चालू असताना त्याच ब्राउझरमध्ये दुसरं पान उघडा, मग दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडा. पहिल्यात अडकलं आणि दुसऱ्यात झटकन उघडलं, तर दोष पीएचपीच्या सेशन-फाइलचा, म्हणजे त्या माणसाची लॉगिनसारखी माहिती ठेवणाऱ्या फाइलचा. सेशन सुरू झालं की पीएचपी त्या फाइलला कुलूप लावते आणि स्क्रिप्ट संपेपर्यंत काढत नाही. त्याच माणसाची पुढची प्रत्येक रिक्वेस्ट त्या कुलपाबाहेर रांगेत उभी राहते, आणि कामाची प्रगती विचारणारी रिक्वेस्टही त्याच रांगेत. म्हणून शून्य टक्क्यांवर अडकलेली पट्टी काम संपल्यावर एकदम शंभरावर उडी मारते.

उपाय एका ओळीचा: सेशनमधून हवं ते वाचून झालं की लांब काम सुरू करण्याआधी सेशन-राइट-क्लोज म्हणा. आतापर्यंत मी केलेल्या दुरुस्त्यांत सर्वांत कमी कष्टात सर्वांत जास्त शाबासकी मिळाली ती हिला.

अँपरसँड लावला तरी पान सुटत नाही

इथे जरा थांबू या, कारण जवळजवळ प्रत्येकजण इथे एकदा तरी फसतो. मीही फसलो होतो, आणि एकदा नाही.

समज असा असतो की कमांडच्या शेवटी अँपरसँड लावला म्हणजे प्रोसेस मागे गेली आणि स्क्रिप्ट मोकळी झाली. अँपरसँड फक्त शेलला सांगतो, की तू थांबू नकोस. शेल खरोखरच थांबत नाही, लगेच निघून जातं. पण पीएचपीचं एक्झेक फंक्शन शेलकडे बघत नसतं. ते आउटपुटच्या पाइपच्या टोकाशी बसून तो पाइप बंद होण्याची वाट पाहतं. मागे गेलेल्या प्रोसेसने जन्मतःच त्या पाइपचं दुसरं टोक वारशाने घेतलेलं असतं. ती जिवंत आहे तोवर पाइप उघडा, आणि पाइप उघडा तोवर पान लटकलेलं.

सीजीआयमध्ये हाच खेळ एक पायरी वर चालतो. स्क्रिप्टने फोर्क केलं, म्हणजे स्वतःची नक्कल असलेली मूल-प्रोसेस काढली, आई-प्रोसेस उत्तर छापून निघून गेली, पण मुलाच्या हातात आउटपुटचं टोक राहिलं. वेब सर्व्हरच्या दृष्टीने उत्तर अजून संपलेलंच नसतं. म्हणून मुलाने जन्मल्याबरोबर पहिलं काम करायचं ते इनपुट, आउटपुट आणि एरर-आउटपुट ही तिन्ही टोकं सोडायचं. आउटपुट सोडून एरर-आउटपुट विसरलं तरी पान लटकू शकतं.

तपासायला सोपं आहे. तुमच्या प्रोग्रामच्या जागी १२० सेकंदांची नुसती स्लीप टाका. तरीही पान दोन मिनिटं अडकलं तर तुमचा प्रोग्राम निर्दोष आहे, दोष टोकांचा. मग साधं आउटपुट एखाद्या लॉग-फाइलकडे वळवा, एरर-आउटपुट त्याच्यामागे जोडा, इनपुट डेव्ह-नलवरून (लिनक्समधली कायम रिकामी, लिहिलेलं गिळून टाकणारी फाइल) घ्या आणि शेवटी अँपरसँड ठेवा. क्रम महत्त्वाचा आहे. एरर-आउटपुट आधी जोडून साधं आउटपुट नंतर वळवलंत, तर एरर-आउटपुट जुन्या पाइपलाच चिकटून राहतं. शेल ओळ डावीकडून उजवीकडे वाचतं आणि 'आत्ता जिथे आहे तिथे' जोडतं. दोन्ही ओळी डोळ्यांना सारख्याच दिसतात, त्यामुळे ही चूक रिव्ह्यूमधूनही सुटते.

आउटपुट डेव्ह-नलमध्ये ओतू नका, निदान पहिला महिनाभर तरी. लॉग-फाइल हा उद्या रात्री तुमच्याकडे असणारा एकमेव साक्षीदार आहे.

पायथनमध्ये हाच दोष दुसरा मुखवटा घालून येतो. सबप्रोसेस सुरू करताना आउटपुटसाठी पाइप मागितला, पण तो वाचायला कुणीच नाही. लिनक्सवर पाइपमध्ये साधारणपणे ६५,५३६ बाइट मावतात. तेवढे भरले की मुलाची पुढची छपाई अडते आणि तो कायमचा थिजतो. सीपीयू शून्य, एरर नाही, प्रोसेस यादीत जिवंत. काम दर वेळी साधारण तितकंच आउटपुट छापून थांबत असेल तर हाच प्रकार समजा.

आणखी एक फसवाफसवी: पायथन टर्मिनलवर ओळीओळीने छापतो, फाइलकडे वळवला की मोठे गठ्ठे करून. त्यामुळे काम चाललेलं असूनही लॉग रिकामा दिसतो आणि लोक चांगली चालणारी प्रोसेस मारून टाकतात. पायथन-अनबफर्ड हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावला की प्रश्न मिटतो.

टर्मिनलवर चालतं, वेबमधून नाही

टर्मिनलवर तुम्ही असता. वेबमधून चालवणारा वेगळा युझर असतो; डेबियन-उबुंटूवर त्याचं नाव डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू-डेटा. त्याचं पाथ (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी) तुटपुंजं, होम भलतंच, चालू फोल्डर वेगळं, परवानग्या मोजक्या. तुमच्या प्रोफाइल-फाइलमधलं त्याला काहीही ठाऊक नसतं. तेव्हा चाचणी त्याच्याच वेशात करा: सुडोने तो युझर धारण करा, सगळे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पुसा आणि मग कमांड चालवा. जी एरर वेबमध्ये गिळली जात होती ती इथे डोळ्यांसमोर छापली जाते. बहुतेकदा 'कमांड नॉट फाउंड' किंवा 'परमिशन डिनाइड' इतकीच साधी असते. प्रोग्रामचा आणि फायलींचा पूर्ण पाथ लिहिला की निम्म्या केसेस इथेच मिटतात.

दोन गोष्टी मात्र साध्या नाहीत. पहिली टेंप-फोल्डरची. बऱ्याच डिस्ट्रोंमध्ये सिस्टमडी (लिनक्सवरच्या सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) अपाचीला स्वतःचं खाजगी टेंप-फोल्डर देतं. स्क्रिप्टने तिथे फाइल लिहिली, तिला यशही मिळालं, आणि तुम्ही टर्मिनलवरून टेंप उघडलंत तर फाइल नाही. भुताटकी वाटते. ती फाइल सिस्टमडीने बनवलेल्या लांबलचक नावाच्या उपफोल्डरात पडलेली असते. अशा कामांसाठी टेंप वापरूच नका, स्वतंत्र फोल्डर करा.

दुसरी खास आपल्यासारख्यांना छळणारी. फाइलचं नाव देवनागरीत असेल आणि वेब सर्व्हरचं लोकॅल (भाषा आणि अक्षरांचं सेटिंग) नुसतं 'सी' असेल, तर पीएचपीचं एस्केप-शेल-आर्ग ती देवनागरी अक्षरं गाळून टाकतं. 'अहवाल-२.pdf' पाठवलेली कमांड उरलेल्या रोमन अक्षरांची आणि टिंबाची फाइल शोधत बसते. यूटीएफ-८ लोकॅल लावा. अपलोड झालेल्या फायलींना स्वतःच क्रमांक देऊन मूळ नाव डेटाबेसमध्ये ठेवलंत तर आणखी उत्तम. हा त्रास नको म्हणून एस्केप करणंच सोडू नका. वापरणाऱ्याने टाइप केलेला मजकूर जसाच्या तसा शेलकडे गेला, तर तो तुमच्या सर्व्हरवर हवी ती कमांड चालवू शकतो.

रीस्टार्ट झाला की कामं गायब

'नोहप लावलाय, मग मेलं कसं?' हा प्रश्न मला नेहमी येतो. नोहप फक्त टर्मिनल बंद झाल्यावर येणाऱ्या हँगअप सिग्नलपासून वाचवतो. सिस्टमडी एखादी सेवा थांबवते तेव्हा मुळात तिच्या कंट्रोल-ग्रुपमधल्या सगळ्या प्रोसेस मारते. वेब स्क्रिप्टमधून जन्मलेली प्रोसेस वेब सर्व्हरच्या ग्रुपमध्येच राहते, मग तिने नोहप लावो, सेट-एसआयडी करो किंवा दोनदा फोर्क करो. रोज संध्याकाळी नवा कोड चढवताना कुणी एफपीएम रीस्टार्ट करत असेल, तर रोज संध्याकाळी चालू कामं मरणार.

उलटंही घडतं. सिस्टमडी नसलेल्या जुन्या मांडणीत मागे राहिलेल्या प्रोसेसने वेब सर्व्हरचं ८० नंबरचं पोर्ट वारशाने धरून ठेवलेलं असतं. मग अपाची पुन्हा उठायला जातो आणि 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' म्हणून कोसळतो.

सिस्टमडीचं किल-मोड हे सेटिंग बदलून पहिला प्रकार टाळता येतो. मी ते बदलत नाही. वेब सर्व्हरच्या ग्रुपमध्ये बेवारस प्रोसेस साठू देण्यापेक्षा त्या तिथे जन्मूच नयेत हे बरं.

दोनदा झालेलं काम

आधी बटण कोणत्या पद्धतीची रिक्वेस्ट पाठवतं ते पाहा. गेट असेल तर लगेच पोस्ट करा. गेट म्हणजे 'फक्त वाचतोय', या समजुतीने ब्राउझर, प्रॉक्सी आणि लिंकचा नमुना दाखवणारे बॉट ती पुन्हा पाठवायला कचरत नाहीत. मग माणसाच्या स्वभावाचा विचार करा: पान अडकलं की तो रिफ्रेश करतो. त्याला रागावून उपयोग नाही, कुलूप लावायला हवं.

कुलपासाठी पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) लिहिलेली फाइल ठेवण्याची जुनी सवय आहे. प्रोसेस अर्ध्यात मेली की ती फाइल मागे उरते आणि पुढची सगळी कामं 'आधीचं चालू आहे' म्हणून नाकारली जातात. त्याहून वाईट म्हणजे, तोच पीआयडी पुढे भलत्याच प्रोसेसला मिळतो आणि तपासणी फसते. एफ-लॉक वापरा. ते कुलूप कर्नलकडे असतं आणि धरणारी प्रोसेस मेली की आपोआप सुटतं.

हे सगळं करूनही पुन्हा पुन्हा होत असेल: रांग

वर जपून ठेवायला सांगितलेली 'मॅक्स चिल्ड्रन'ची ओळ आता काढा. पीएचपी-एफपीएमच्या मूळ कॉन्फिगरेशनमध्ये एका पूलमध्ये फक्त ५ प्रोसेस असतात. पाच जणांनी पाच मोठी कामं सुरू केली की सहाव्याला साधं मुखपृष्ठही मिळत नाही. फास्टसीजीआय-फिनिश-रिक्वेस्ट हे फंक्शन यावर उतारा म्हणून सुचवलं जातं. त्याने ब्राउझरला उत्तर लगेच जातं हे खरं, पण प्रोसेस काम संपेपर्यंत अडकलेलीच राहते. दोन सेकंदांच्या मेलसाठी ते छान आहे. दहा मिनिटांच्या आयातीसाठी वापरलंत तर पाचाचा प्रश्न तसाच राहतो, फक्त दिसेनासा होतो.

कायमची दुरुस्ती एकच: वेब स्क्रिप्टने काम करायचंच नाही, कामाची चिठ्ठी टाकायची. डेटाबेसमध्ये एक टेबल करा. त्यात कामाचा प्रकार, माहिती, स्थिती, किती वेळा प्रयत्न झाला, शेवटचा ठोका (वर्कर जिवंत असल्याची खूण) कधी पडला आणि एरर हे रकाने ठेवा. बटण दाबलं की एक ओळ भरा, २०२ हा 'स्वीकारलं, अजून झालं नाही' सांगणारा कोड आणि चिठ्ठीचा क्रमांक परत द्या. पान दर काही सेकंदांनी त्या क्रमांकाची स्थिती विचारत राहील. ही रिक्वेस्ट क्षणात संपते, म्हणून वरचा कुठलाही टाइमआउट तिच्या वाटेला जात नाही.

चिठ्ठ्या उचलणारा वर्कर वेब सर्व्हरपासून पूर्ण वेगळा. त्याला सिस्टमडीची स्वतःची सेवा करून द्या, मेला की उठवण्याच्या सूचनेसह. दोन वर्करनी एकच चिठ्ठी उचलू नये म्हणून ओळीला कुलूप लावताना 'स्किप लॉक्ड' वापरा. पोस्टग्रेसमध्ये ते ९.५ पासून आहे, मायएसक्यूएलमध्ये ८.० पासून. दिवसाला काही हजार कामं असतील तर एवढं पुरतं. पहिल्याच दिवशी रेडिस आणि रॅबिटएमक्यू अशी रांगेसाठीची वेगळी सॉफ्टवेअर मांडून बसायची गरज नसते.

मोठ्या कामाचे तुकडे करा. पाचशे ओळी झाल्या की 'इथवर आलो' असं लिहून ठेवा आणि ठोका नोंदवा. सिस्टमडी सेवा थांबवताना आधी सौम्य सिग्नल देते आणि साधारणपणे ९० सेकंद थांबून मग ठार करते. वर्करने सौम्य सिग्नल ऐकून हातातला तुकडा तेवढा पुरा केला की रीस्टार्टची भीती संपली.

रांग बसवल्यावर नवे तीन बिघाड येतात. ते आधीच सांगून ठेवतो. पहिला: कोड बदलला, पण वर्कर जुन्यासारखाच वागतो. तो सुरू होताना वाचलेला कोड घेऊन बसलेला असतो, म्हणून नवा कोड चढवला की वर्करही रीस्टार्ट करायचा. दुसरा: रात्रभर रिकामा बसलेला वर्कर सकाळच्या पहिल्याच कामाला 'मायएसक्यूएल सर्व्हर हॅज गॉन अवे' म्हणून पडतो. मायएसक्यूएल निष्क्रिय कनेक्शन मुळात २८,८०० सेकंदांनी, म्हणजे आठ तासांनी तोडतं. प्रत्येक कामाआधी कनेक्शन तपासा.

तिसरा पुन्हा घड्याळाचाच आहे. तयार रांगा एक मुदत पाळतात: तेवढ्या वेळात वर्करकडून 'झालं' असं कळलं नाही तर तो मेला असं समजून काम दुसऱ्याला देतात. लाराव्हेलच्या मूळ कॉन्फिगरेशनमध्ये ही मुदत ९० सेकंद आहे, ॲमेझॉनच्या एसक्यूएसमध्ये ३०, सेलरी रेडिसबरोबर वापरली तर एक तास. लहान कामं एकदाच होतात आणि ठरावीक वेळेपेक्षा लांब असलेली प्रत्येक दोनदा, असा नमुना दिसला तर कोडमध्ये शोधत बसू नका. ही मुदत तुमच्या सर्वांत लांब कामापेक्षा मोठी करा.

इथे थांबा आणि जाणत्याला बोलवा

शेअर्ड होस्टिंगवर एक्झेक बंद असेल तर वाकडी वाट शोधू नका. होस्टिंगवाल्यांना विचारा, क्रॉन (ठरलेल्या वेळी कमांड चालवणारी सोय) देत असतील तर चिठ्ठ्यांचं टेबल आणि दर मिनिटाचा क्रॉन एवढ्यावर बरंच भागतं.

एसई-लिनक्स (लिनक्सची जादा सुरक्षा-व्यवस्था) आडवं येत असेल तर ते बंद करून बघण्याचा मोह आवरा आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याकडून योग्य नियम लावून घ्या. लोड बॅलन्सर किंवा सीडीएन (क्लाउडफ्लेअरसारखी सेवा) दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर त्यांना तुम्ही मोजलेले सेकंद, एरर कोड आणि नेमकी वेळ कळवा. एवढं दिलंत तर काम लवकर होतं. 'साइट स्लो आहे' एवढंच लिहिलंत तर आठवडा जातो.

प्रोसेस 'डी' अवस्थेत अडकली असेल आणि नऊ नंबरच्या सिग्नललाही दाद देत नसेल, तर ती कर्नलमध्ये डिस्क किंवा नेटवर्क-ड्राइव्हची वाट पाहतेय. कोडमध्ये काहीही बदलून ती हलणार नाही. सिस्टम ॲडमिनला डिस्क तपासायला सांगा, आणि तोवर बॅकअप ताजा आहे ना ते पाहा.

दोनदा झालेल्या कामात पैसे गेले असतील, म्हणजे रक्कम दोनदा कापली किंवा परतावा दोनदा दिला असेल, तर वर्कर लगेच थांबवा आणि टेबलला हात लावू नका. हाताने ओळी दुरुस्त केल्या की नेमकं काय घडलं हे पुन्हा कधीच कळत नाही. ट्रान्झॅक्शन जाणणारा डेटाबेसचा माणूस आणि हिशोब पाहणारा माणूस, दोघांना सोबत बसवा.

आणि प्रोसेसच्या यादीत वेब सर्व्हरच्या युझरच्या नावाने अशी एखादी प्रोसेस दिसली, जी तुम्ही सुरू केलेली नाही, टेंपमधून चालतेय आणि सीपीयू पिऊन बसलीय, तर हा लेख बाजूला ठेवा. ती मारू नका, फायली पुसू नका, सर्व्हर रीस्टार्ट करू नका. मशीनचं नेटवर्क तोडून सुरक्षेचं काम करणाऱ्याला फोन लावा, आणि कोणत्या वेळी काय पाहिलं ते तो येईपर्यंत कागदावर लिहून ठेवा.